चार ग्रॅम

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाच्या सुमाराला आमच्या हॉलमध्ये एक वटवाघूळ शिरलं. वटवाघूळ म्हणजे अगदीच छोटं, आधी मला वाटलं मोठा पतंग आहे, पण पतंग ट्यूबवर जाऊन धडकतो आणि हे कशालाच धडकत नव्हतं. पंख्याच्या खालून, टीव्हीच्या वरून, सासूबाईंच्या डोक्यावरून नुसत्या गोल गोल घिरट्या. सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढला, कारण ते केसात अडकतं आणि मग केस कापावे लागतात असं त्यांच्या आईने त्यांना सांगितलेलं. नवऱ्याने आधी पंखा बंद केला (हे त्याला सुचलं याचं मला आजही कौतुक आहे) आणि मग झाडू घेतला (याचं नाही). पाचेक मिनिटं आरडाओरडा झाल्यावर ते दमून पडद्याच्या मागे वरच्या दांडीपाशी जाऊन चिकटलं. मी स्टुलावर चढून त्याच्यावर पोह्यांचा रिकामा डबा उपडा धरला, मागून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा सरकवला आणि ते सगळं तसंच बुटाच्या खोक्यात उतरवलं. खोक्यात एक मोजा टाकला, झाकणाला पेनने भोकं पाडली. एवढं नीट जमलं म्हणून मी स्वतःवर खूष होते.

मुलगी मात्र मागे लागलेली, आई आत्ताच सोडूया ना गॅलरीत. ती सातवीत आहे, तिला सगळं आत्ताच हवं असतं. बाहेर धो धो पाऊस, गॅलरीचा दरवाजा उघडला की पाणी आत, फरशी आत्ताच पुसलेली. म्हटलं, भिजेल गं ते, सकाळी सोडू. सकाळी उजेडात सोडलेलं वटवाघूळ जाणार कुठे, हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही. खोकं गॅलरीच्या आतल्या बाजूला वॉशिंग मशीनवर ठेवलं, वर मासिकाचा एक अंक ठेवला, आणि झोपले.

सकाळी ते मेलेलं होतं.

मोज्याच्या घडीत एका बाजूला, पंख मिटून, तोंड किंचित उघडं. दात मी पहिल्यांदाच बघितले, मीठाच्या खड्याहून लहान. अंगावरचे केस करडे-तपकिरी आणि इतके मऊ की हाताला काही लागतंय की नाही तेच कळेना. पंखाची कातडी मिटल्यावर काळ्या छत्रीसारखी दिसते, पण मी एका बोटाने हलकेच ताणली तर तिच्यातून मागचा उजेड दिसला, बारीक बारीक शिरांसकट, आणि त्या पंखात चक्क बोटं होती. अंगठा तर वेगळाच, छोट्या हुकासारखा. मुलीने काही न बोलता ओट्यावरचा केकसाठी आणलेला डिजिटल काटा काढला, त्याच्यावर टिश्यू ठेवून शून्य केला आणि ते उचलून ठेवलं. ४ ग्रॅम. सासूबाईंच्या चहात मी जी एक चमचा साखर घालते, तेवढं. काटा पुसून जागेवर ठेवताना ती फक्त एवढंच म्हणाली, "तूच म्हणालीस सकाळी."

कदाचित ते आधीच जखमी असेल. झाडूचा फटका एकदा तरी लागला असणार. हे मी तिला सांगितलं, स्वतःलाही बरेचदा सांगितलं. पण नंतर वाचल्यावर कळलं की एवढ्याशा जिवाला रात्रीच्या रात्री खावं लागतं, पाणी प्यावं लागतं, नुसतं कोंडून ठेवलं तरी एक रात्र पुष्कळ होते.

लहानपणी कोकणात आजीकडे यांना वटवाघूळ कुणी म्हणायचंच नाही. पाकोळी. (पक्ष्यांची पुस्तकं लिहिणारे पाकोळी म्हणजे वेगळाच एक पक्षी सांगतात, पण आजीने ती पुस्तकं वाचली नव्हती.) तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की कौलांच्या फटीतून एकेक बाहेर सुटायची, पडवीतून खळ्यात, खळ्यातून माडांकडे. कधी एखादी माजघरात शिरली तर आजी दिव्याची वात बारीक करायची, मागचं दार उघडायची आणि परत तांदूळ निवडत बसायची. मी ओरडले तर म्हणायची, "रवांदे गो तिका, मुरकुटां खाता ती." (मुरकुटां म्हणजे चिलटं.) दोन मिनिटांत पाकोळी दाराने बाहेर. म्हणजे काय करायचं असतं हे मला माहीत होतं. चाळीस वर्षांपूर्वीच दाखवलेलं होतं कुणीतरी. मोठी वटवाघळं वेगळी, ती वडावर लटकायची आणि रात्री उंडीची फळं खाऊन बिया आमच्या खळ्यात टाकायची, सकाळी आजोबा त्या टोपलीत गोळा करायचे, उंडीचं तेल काढायला. वटवाघळांनी केलेली मजुरी फुकट मिळते असं ते म्हणायचे.

तर त्या दिवशी रात्री मी मोबाईलवर चार ग्रॅमचं वटवाघूळ असं काहीतरी शोधत बसले, म्हणजे नक्की काय मारलं आपण ते तरी बघावं. आणि शोधता शोधता आपल्या अंगणातल्या पाकोळीवरून जे घसरले ते थेट हिंदी महासागरात, ख्रिसमस आयलंडवर. जावाच्या दक्षिणेला साडेतीनशे किलोमीटरवर एकटंच बसलेलं बेट, आकाराने सगळं मिळून १३५ चौरस किलोमीटर. हे बेट लाल खेकड्यांसाठी प्रसिद्ध आहे, पाऊस पडला की कोट्यवधी खेकडे जंगलातून समुद्राकडे निघतात, त्यांच्यासाठी रस्ते बंद करतात, पूल बांधलेत, ते व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलेत. मी पण बघितले होते. त्याच खेकड्यांच्या डोक्यावर तीनेक ग्रॅमपासून साडेचार ग्रॅमपर्यंतचं एक वटवाघूळ उडायचं जे जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं, हे मात्र त्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

ख्रिसमस आयलंड पिपिस्ट्रेल. (पिपिस्ट्रेल म्हणजे किडे खाणाऱ्या छोट्या वटवाघळांचा एक गट.) १९०० साली अँड्र्यूज नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याची नोंद केली. दिसायला आमच्या खोक्यातल्यासारखंच, गडद तपकिरी, केसांची टोकं जराशी पिवळट. मधल्या काळात काही तज्ज्ञ तर त्याला वेगळी जात मानायलाच तयार नव्हते, भारतापासून पूर्वेकडे पसरलेल्या एका चिमुकल्या पिपिस्ट्रेलचंच हे बेटावरचं रूप असं म्हणायचे. म्हणजे आपल्या घरात शिरणाऱ्यांचं जवळचं नातलग. लांबच्या गावी जाऊन स्थायिक झालेलं, आडनाव बदललेलं.

१९८४ च्या आसपास ते बेटावर सगळीकडे होतं, रस्त्यावरच्या दिव्यांखाली, घरांच्या आसपास, अगदी आपल्याकडे असतात तसं. १९९४ मध्ये लिंडी लम्सडेन नावाच्या ऑस्ट्रेलियन वटवाघूळतज्ज्ञ तिथे मोजणीला गेल्या तेव्हा ते वस्तीच्या बाजूने, म्हणजे ईशान्येकडून, दिसेनासं व्हायला लागलेलं. मग दर मोजणीत थोडं थोडं पश्चिमेला सरकत गेलं. चादर एका बाजूने ओढून घ्यावी तसं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने (बेट त्यांच्याच ताब्यात आहे) त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. जानेवारी २००९ मध्ये अंदाज होता, वीसपेक्षा कमी उरली असतील. एका झाडाच्या सुटलेल्या सालीखाली त्यांचा माहीत असलेला शेवटचा बिऱ्हाडाचा अड्डा, त्यात चार.

कशामुळे, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि मला वाटतं यातलं सगळ्यात चिडवणारं तेच आहे. संशयितांची यादी मात्र भली मोठी. १९८७ मध्ये पहिल्यांदा दिसलेला परदेशी साप, जो आपल्याकडच्या कवड्या सापाचा भाऊबंद आहे, रात्रीचा झाडाच्या सालीत शिरून झोपलेलं काहीही खातो. मोठाली घोण, हीसुद्धा बाहेरून आलेली. काळे उंदीर, मांजरं. आणि पिवळी वेडी मुंगी, खरंच तसं नाव आहे तिचं, क्रेझी अँट, कारण ती वेड्यासारखी इकडे तिकडे धावते. ही लाखेच्या किड्यांचा गोड चिकटा खाऊन इतकी माजली की १९८९ नंतर जंगलात तिच्या मैलभर पसरलेल्या वसाहती व्हायला लागल्या, खेकड्यांच्या डोळ्यात आम्ल फवारून त्यांना आंधळं करून मारायची. लाखेच्या किड्यावर सोडायला २०१६ मध्ये मलेशियाहून दोन-दोन मिलिमीटरच्या गांधीलमाशा आणाव्या लागल्या. पाकोळी गेल्यावर सात वर्षांनी.

या बेटाला ही सवयच आहे म्हणा. तिथले मूळचे सस्तन प्राणी मोजून पाच. दोन जातींचे उंदीर, एक चिचुंद्री, एक छोटं वटवाघूळ, एक मोठं. दोन्ही उंदीर विसावं शतक सुरू होता होताच संपले, कारण १८९९ मध्ये एका जहाजातून काळे उंदीर उतरले आणि त्यांच्या पिसवांमधून कसला तरी रोग. शंभर वर्षांनी म्युझियममधल्या कातड्यांचा डीएनए तपासून हे सिद्ध केलं. जहाजाचं नाव होतं हिंदुस्तान. हे वाचलं तेव्हा मी खरंच एकटी हसले रात्री बारा वाजता, आणि मग हसू येणं बरोबर नाही असंही वाटलं. चिचुंद्री १९८५ नंतर कुणाला दिसली नाही.

पण मला झोप लागू दिली नाही ती २००९ ची गोष्ट. वीसेक उरलीत, ती पकडून आणा, पिंजऱ्यात वाढवा, असं लम्सडेन आणि त्यांचे सहकारी आधीपासून सांगत होते. सरकारचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं हं. एवढं लहान वटवाघूळ पिंजऱ्यात जगवलंय कुणी? उडता उडता किडे खाणारा प्राणी, त्याला आपण भरवणार काय? आधी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या त्याच्या चुलत जातीवर प्रयोग करून बघू, डार्विन शहराजवळ. समिती नेमू. अहवाल येऊ दे. सगळं रीतसर. मी सरकारी ऑफिसात नोकरी करत नाही पण असल्या मीटिंगांमध्ये बसलेय, तिथे कुणीच वाईट नसतं, चहा येतो, प्रत्येकाचा मुद्दा बरोबर असतो आणि पुढची तारीख ठरते. १ जुलै २००९ ला मंत्र्यांनी जाहीर केलं, पकडा. हे मंत्री, पीटर गॅरेट, आधी रॉक बँडचे गायक होते. ऑगस्टमध्ये टीम पोचली, सरकारी माणसं आणि वटवाघळांवर काम करणारे स्वयंसेवक, सोबत जाळी, बारीक तारांचे उभे सापळे, आणि डिटेक्टर.

डिटेक्टर म्हणजे काय ते सांगते, कारण मला ते माहीत नव्हतं. पाकोळी सारखी ओरडत असते, पण तो आवाज आपल्या कानाच्या पट्टीच्या फार वर. ओरडायचं आणि प्रतिध्वनी ऐकून अंधारात किडे शोधायचे, म्हणूनच ते आमच्या पंख्याला धडकलं नाही. डिटेक्टर तो आवाज खाली उतरवून देतो, मग आपल्याला ऐकू येतं, टक, टक, टक, टक, आणि किडा जवळ आला की टकटक जलद होत होत शेवटी ट्रर्र, चेन ओढल्यासारखं. म्हणजे त्या रात्री आमच्या हॉलमध्ये आम्ही चौघंच ओरडत नव्हतो.

तर यांनी जंगलभर डिटेक्टर लावले आणि जवळपास महिनाभर ऐकत बसले. अख्ख्या बेटावर एकच पाकोळी ऐकू येत होती. डिटेक्टरची एक अडचण असते, दहा वेळा टकटक ऐकू आली तर ती दहा पाकोळ्या आहेत की एकच दहा फेऱ्या मारतेय, ते आवाजावरून कळत नाही. पण इथे कळलं, कारण कधीही दोन आवाज एकत्र आले नाहीत. ती एकटी रोज यायची, सापळा तिला कळायचा, वळसा घालून जायची. जाळ्यांची जागा बदलली, बोगद्यासारखी जाळी लावली, पुन्हा वळसा. तिचं काम चोख होतं. समोर काय आहे ते ओळखून न धडकता जाणं हेच तर तिला येत होतं, आणि नेमकं त्यानेच तिला वाचवायला आलेल्या माणसांच्या हाती लागू दिलं नाही. अर्थात ती एकटी हाती लागून झालं काय असतं, एका पाकोळीची जात पुढे चालत नाही, हे त्या माणसांना कळत नसेल का. तरी रोज संध्याकाळी जाऊन जाळी लावत होते.

२६ ऑगस्ट २००९ ला ती ऐकू आली.

२७ ला नाही. त्यानंतर कधीच नाही. २०१७ मध्ये ती जात अधिकृतपणे नामशेष म्हणून नोंदवली गेली.

मला सारखं ते लोक डोळ्यासमोर येतात, २७ तारखेच्या रात्रीचे. कानाला हेडफोन, पायाखाली ओला पाचोळा, खेकड्यांची खुसफूस, अंगावर चढणाऱ्या मुंग्या. आणि डिटेक्टरमधली ती नुसती खरखर. आवाज आला की कळतं आला म्हणून, न येणं किती वेळ ऐकायचं असतं? दवाखान्यात बाबांच्या वेळी आम्ही मॉनिटरकडे बघत होतो तेव्हा नर्सने येऊन सांगितलं म्हणून कळलं. जंगलात सांगायला कोण येणार. एखादा म्हणाला असेल, पाऊस आहे म्हणून आली नसेल. उद्या बघू.

त्याच वर्षी, बहुतेक याच धड्यामुळे, तिथले दोन जातींचे सरडे-पाली घाईघाईने पकडून पिंजऱ्यात वाढवायला घेतले, निळ्या शेपटीचा एक आणि एक पाल. त्या आज जिवंत आहेत, हजारांनी, निळ्या शेपटीवाले तर कोकोस बेटांवर नेऊन सोडलेत. तिसऱ्या जातीची मोजकीच हाती लागली, तिची शेवटची मादी, गम्प नाव होतं, ३१ मे २०१४ ला मेली. म्हणजे पकडलं असतं तर नक्की वाचलं असतं असं नाही. पण.

पाचातलं एकच उरलंय, ते मोठं वटवाघूळ, फळं खाणारं. तेही जगात फक्त तिथेच. ते दिवसाउजेडीही उडतं म्हणे, फोटोत बघितलं तर तोंड एकदम आपल्या कुत्र्याच्या पिल्लासारखं, काळं कुळकुळीत. वर्षाला पोर एकच. त्याचीही संख्या घटली, ऑस्ट्रेलियाने त्यालाही अतिसंकटग्रस्त ठरवलंय, मांजरं आहेत, शिवाय अंगात कॅडमियम सापडलंय, बेटावर शंभर वर्षांहून जास्त काळ फॉस्फेटची खाण चालू आहे. ते खातं काय हे बघितलं तर यादीत देशी बदाम आणि ती छोटी लाल गोड फळं, ज्याला आम्ही सिंगापूर चेरी म्हणतो. दोन्ही झाडं आमच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये आहेत. (ते बेट १९५८ पर्यंत सिंगापूरच्याच ताब्यात होतं, हा उगाच एक योगायोग.) आमच्याकडची मोठी वटवाघळं रोज रात्री देशी बदाम खाऊन चोथा आणि बिया खाली पार्क केलेल्या गाड्यांवर टाकतात आणि त्यावरून गेल्या वार्षिक मीटिंगमध्ये पाऊण तास चर्चा झाली. झाड तोडायचा ठराव आला होता. कोरोनापासून वटवाघूळ म्हटलं की लोकांना आणखी एक कारण मिळालंय. एकाने विचारलं, वन्यजीव कायद्यात तर ही उंदीर-कावळ्यांच्या यादीत ना, उपद्रवी? होती, २०२२ ची दुरुस्ती येईपर्यंत होती. हे मला माहीत होतं आणि मी बोलले पण, पण मनापासून सांगायचं तर माझ्याही गाडीच्या बॉनेटवर रोज तो पिवळा चिकट चोथा असतो आणि रोज सकाळी घासताना मी त्यांना शिव्या देते. ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला. या वेळी मला ढकलण्याचं बरं वाटलं.

आमचं चार ग्रॅमवालं आम्ही त्याच सिंगापूर चेरीखाली पुरलं. मुलीने चमच्याने खड्डा केला. खोकं मात्र मी टाकलं नाही, का ते सांगता येणार नाही, वॉशिंग मशीनच्या मागे अजून आहे, झाकणाला पेनने पाडलेली भोकं आहेत तशी. सासूबाईंनी दिवाळीच्या साफसफाईत दोनदा विचारलं, हे ठेवायचंय का.

परवा लाईट गेले होते. गॅलरीत बसलो होतो दोघी, समोरच्या इमारतीच्या जनरेटरवर पार्किंगचा एक दिवा तेवढा चालू, त्याच्याभोवती पाखरं. आणि त्यात मधूनच काहीतरी काळं, उजेडातून आरपार, वळणावळणाने. मुलगी बोटावर मोजायला लागली. एक. मग जरा वेळाने दोन. तीन. चार.

"चार आहेत," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "की एकच आहे गं, चार वेळा?"

मी खुर्ची कठड्याजवळ ओढली. दिव्याच्या उजेडात दोन एकदम यायची वाट बघत आम्ही तशाच बसलो, लाईट आले तरी.